न्हेमचं थापटणं

१

"…अगं, तिला जाळायला नेली त्याच दुपारी. सगळं गाव विहारात, मी तेवढी उशिरा निघालेली, आणि तिच्या घराखालून थापटण्याचा आवाज! दोन जड, एक हलका. न्हेमचाच हात. मी ओळखणार नाही होय? आणि म्हणे ती एकटी—"

इथं सोखोमनं मान वळवली. मागे घागर घेऊन उभी असलेली किमसान तिला दिसली, आणि पुढचं सगळं तिनं गिळून टाकलं.

"ये गं किमसान. पंप मोकळाच आहे."

"बोल की. थांबलीस का?"

"काही नाही. उन्हाचं बोलत होतो. यंदा तळं फारच लवकर मागं हटलं, नाही?"

सोबतच्या दोघी तळ्याबद्दल इतक्या मन लावून माना डोलवायला लागल्या की जणू तळं त्यांच्याच माहेरचं होतं.

बातमी अर्धी ऐकून घरी जायची किमसानला सवय नव्हती. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाची सून ताटावरून का उठली, हे सारं आधी तिच्या ओट्यावर यायचं आणि मग गावात जायचं. लोक वैतागायचे, पण अडलं की तिच्याकडेच यायचे, कारण ती नुसती चौकशी करून थांबत नसे, पेजेचं भांडं घेऊन दारात उभी राहायची. एरवी तिनं सोखोमचं मनगट धरून तिच्या तोंडून पुढचं वाक्य काढलं असतं. आज तिनं घागर भरली आणि चालू लागली. पाणी हिंदकळून पायावर सांडत होतं.

कारण त्या दुपारी न्हेमच्या घराखाली कोण थापटत होतं ते तिला ठाऊक होतं. ती स्वतःच होती.

पण किमसानचा हात सरळ. एकसारखा, एका वजनाचा. सगळं गाव त्याची चेष्टा करायचं, की किमसानचं थापटणं म्हणजे भिक्खूंचं पठण, ऐकता ऐकता झोप लागते. दोन जड आणि एक हलका हा हात न्हेमचा होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता. आणि सोखोम वाटेल ते बोलत असली तरी तिचा कान खोटा नव्हता.

२

काँपाँग छनांग प्रांताच्या त्या भागात माणसं एकमेकांकडे बघतात कमी आणि ऐकतात जास्त. पावसाळ्यात नदी उलटी वाहते, तळं फुगून शेतं गिळतं, रस्ते जातात, आणि खांबांवरची घरं आपापल्या पाण्यात एकेकटी उभी राहतात. शेजारी धडधाकट आहे हे तेव्हा कानांनीच कळतं. उन्हाळ्यात पाणी ओसरतं, भेगाळलेली जमीन आणि ताडांच्या रांगा उरतात, पण सवय जात नाही. दुपार झाली की प्रत्येक घराखाली बायका मडकी थापटायला बसतात, आणि कुणाचा आवाज आला, कुणाचा नाही, हे गाव झोपेतसुद्धा मोजतं.

न्हेमची मुलगी चान्थी राजधानीत कपड्यांच्या कारखान्यात होती. जाताना ती किमसानला म्हणाली होती, "मिंग, आईकडे लक्ष ठेव." मिंग म्हणजे मावशी, चान्थी बोलायला लागली तेव्हापासून किमसानला मिंगच म्हणायची. किमसाननं छाती ठोकून सांगितलं, "मला सांगायला लागतं का? तुझी आई शिंकली तरी मला कळतं."

मग बिनसलं. चान्थी तिकडे एका माणसाबरोबर लग्नावाचून राहते, ही बातमी किमसाननं पंपावर सांगितली. वाईट हेतू नव्हता. पोटात राहिली नाही, एवढंच. ती फिरून न्हेमकडे पोचली. सत्तरीची न्हेम काठी टेकत किमसानच्या जिन्यापाशी आली आणि वर न येताच म्हणाली, "माझ्या घराकडे कान लावायचे तर लाव. पाय मात्र लावू नकोस."

किमसानलाही राग आला. ठीक आहे बाँग न्हेम, थोरल्या बहिणीचा शब्द, नाही लावत. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या घरात डोकावायची थांबली.

दोन आठवड्यांनी चान्थीचा फोन आला. "मिंग, आई फोन उचलत नाहीये."

"अगं थापटतेय ना! मला इथं ऐकू येतंय. फोन चार्ज केला नसेल, दुसरं काय."

"बघून येशील?"

"बघायचं काय त्यात? हात चालू आहे म्हणजे माणूस बरं आहे."

तिला खरंच ऐकू येत होतं. आवाज जरा कोरडा होता. ओल्या मातीवर थापटणं पडलं की थप वाजतं. हे टक वाजत होतं. माती सुकली असेल, असं किमसान मनाशी म्हणाली आणि कूस बदलली. दुसऱ्या दुपारीही आला. तिसऱ्याही. चौथ्या दुपारी हळू झाला होता.

मग मडकी न्यायला व्यापारी आला. खालून हाका मारल्या, ओ आली नाही, म्हणून तो जिना चढला आणि नाकावर पंचा दाबून उतरला. म्हातारी चटईवर पडली होती. पाय विचित्र दुमडलेला होता. लोक म्हणाले, हृदय थांबलं असणार, पडली आणि सुटली. कुणी जास्त विचारलं नाही. एप्रिलचं ऊन होतं, घाई करावी लागली.

सगळे वर गेले तेव्हा किमसान खालीच राहिली. ओंडक्यापाशी ओल्या गोणपाटाखाली मडकी ओळीनं झाकून ठेवलेली होती. तिनं गोणपाट उचललं.

एकाचंही बूड मिटलेलं नव्हतं.

इथं मडकं चाकावर होत नाही. ओंडक्यावर मातीचा नळा उभा करायचा आणि बाईनंच त्याच्याभोवती फिरत गळा काढायचा. बूड मोकळंच ठेवायचं. माती जरा धरली, की मडकं मांडीवर घेऊन डावा हात गळ्यातून आत घालायचा, मुठीत दगडी गोटा धरायचा, आणि बाहेरून थापटण्यानं मारत मारत बूड मिटवायचं. थापटणं लागतं ते बूड मिटवताना. चार दुपारी न्हेम थापटत होती, तर ही सगळी बुडं मिटलेली हवी होती.

किमसान तिथंच बसली. मग तिच्या ध्यानात आलं की चान्थीही कुंभारणीचीच मुलगी आहे. तिलाही हे एका नजरेत कळेल.

दुसऱ्या दिवशी प्रेत विहाराकडे गेलं. किमसान डोकं दुखतंय म्हणून मागे राहिली, आपलं थापटणं आणि गोटा घेऊन न्हेमच्या घराखाली आली, आणि तीन मडक्यांची बुडं मिटवून, वर गोणपाट टाकून परत गेली. हात नेहमीसारखाच चालला होता. निदान तिला तसं वाटलं होतं.

३

चान्थीला दहन गाठता आलं नाही. कारखान्यानं उशिरा सोडलं, बस वाटेत बंद पडली. सातव्या दिवसाच्या विधीसाठी ती आली तेव्हा डोळे सुजलेले, पायात शहरातली चप्पल, आणि हातात आईसाठी घेतलेला पंखा, जो आता कुणाला द्यायचा ते तिला कळत नव्हतं.

किमसाननं तिला जवळ घेतलं. पेज खायला घातली, वर भाजलेलं प्राहोक, आंबवलेली खारी मासळी, ठेवलं. चान्थीनं खाल्लं, रडली, पुन्हा खाल्लं.

"मिंग, तू होतीस म्हणून बरं. नाहीतर मी वेडी झाले असते. शेवटच्या दिवसांतसुद्धा ती काम करत होती, हे मी सारखं स्वतःला सांगते."

"हो गं. थापटत होती."

"मला ती मडकी बघायचीत."

दोघी खाली आल्या. चान्थीनं गोणपाट उचललं. किमसान तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, मडक्यांकडे नाही.

"मिंग," चान्थी सावकाश म्हणाली, "इथं तर एकाचंही बूड नाहीये."

किमसाननं खाली बघितलं. आपण मिटवलेली तीन मडकी तिला ओळखू आली. एकाच्या गळ्याला तिच्या अंगठीचा ओरखडा होता. त्यांची बुडं मोकळी होती. फुटलेली नव्हती, खचलेली नव्हती. काठ सुबक वळवून, ओल्या बोटानं गुळगुळीत केलेला होता. जणू ती कधी मिटलीच नव्हती.

"मग तू फोनवर म्हणालीस थापटतेय, ते काय थापटत होती?"

"आधीची असतील," किमसान म्हणाली. "आधीची, विकलेली. मला काय दिसत होतं थोडंच? मी नुसतं ऐकत होते."

"व्यापारी तर म्हणाला महिनाभर माल उचलला नव्हता."

"तो काय, बाराशे गावं फिरतो. त्याच्या ध्यानात राहतंय!"

ती हसली. चान्थीही हसायला गेली, पण तिचं हसू अर्ध्यातच थांबलं, आणि ती त्या मोकळ्या बुडांकडे बघत राहिली.

संध्याकाळी किमसान सोखोमकडे गेली. काहीतरी कारण हवं म्हणून मीठ मागितलं.

"न्हेमच्या मडक्यांना कुणी हात लावलाय का गं?"

"मेलेल्या बाईच्या कच्च्या मडक्यांना? वेड लागलंय का कुणाला?"

"बरं. त्या दिवशी पंपावर तू म्हणत होतीस, ती एकटी… पुढं काय?"

सोखोमनं तिला नीट न्याहाळलं. "तुला अर्धी बातमी पुरायला लागली, तेव्हाच मला कळलं होतं काहीतरी बिघडलंय. एकटी नव्हती. दोघी होत्या म्हणे, असं ऐकलंय. विहारातून म्हातारा आचार्य समया न्यायला परत आला होता, त्यानं लांबून बघितलं. एक थापटत होती आणि एक तिच्यापुढे वाकून बसली होती. उन्हात त्याला तोंडं दिसली नाहीत."

"म्हाताऱ्याला धड दिसतं कुठं!"

"तेच तर म्हणते मी. मीठ किती हवं?"

४

दुसऱ्या दिवशी चान्थी म्हणाली, घर झाडून घेऊ या.

किमसानला वर जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला कारण सापडेना, आणि ज्या बाईनं उभ्या आयुष्यात कुणाच्या घरात शिरायला कारण शोधलं नव्हतं, तिनं न जायचं कारण शोधावं, हेही कसं दिसलं असतं? ती गेली.

वरची खोली होती तशीच होती. खुंटीला पंचा, कोपऱ्यात बुद्धाच्या चित्रापुढे विझलेल्या काड्या, भिंतीला टेकलेली काठी. फळ्यांच्या फटींतून खालचा उजेड वर येत होता, आणि त्या उजेडाच्या रेघा खोलीभर पसरल्या होत्या. चान्थी खिडकीपाशी केर काढत होती. किमसाननं चटई गुंडाळायला घेतली.

प्रेत उचलताना सरकलेल्या चटईखाली न्हेमचं थापटणं होतं.

थापटणं कुणी वर नेत नाही. मातीची अवजारं मातीपाशी राहतात, झोपायच्या जागी आणत नाहीत. हे गावात लहान पोरीलाही माहीत असतं. म्हणूनच आवाज आला की माणूस खाली आहे, उभं आहे, कामात आहे, असं गाव धरून चालतं. शेजारी एक छोटी सुरी होती आणि थापटण्याची मूठ निम्मी तासलेली होती. मूठ हाताला टोचत असेल म्हणून म्हातारीनं एकदाच नियम मोडला होता.

थापटण्याशेजारची फळी मऊ होती, ताडाची. तिच्यावर खळगे होते, एका जागी, एकावर एक. दोन खोल, एक उथळ. दोन खोल, एक उथळ. कडेचे खळगे सगळेच उथळ होते.

किमसान त्यांच्यावर बसली.

असं का केलं हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. गुडघे दुमडले, लुंगी पसरली, आणि ती त्या फळीवर मांडी ठोकून बसली. थापटणं तिनं लुंगीच्या ओच्यात ओढून घेतलं.

"काय झालं, मिंग?"

"काही नाही गं. गुडघा. जरा बसते."

चान्थी केरसुणी टेकवून समोर आली आणि खाली बसली. अगदी जवळ.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"तिला त्रास झाला नसेल ना? म्हणजे, पडल्यावर. लगेच गेली असेल ना?"

बुडाखाली किमसानला एकेक खळगा जाणवत होता.

"लगेच," ती म्हणाली. "झोपेत गेल्यासारखी. चेहरा इतका शांत होता, काय सांगू तुला."

चान्थीनं तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडायला लागली. हे रडणं बरं वाटल्याचं होतं. किमसान तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. त्याच वेळी फळ्यांच्या फटीतून तिला खालची मडकी दिसत होती. गोणपाट बाजूला पडलेलं होतं. मडकी गळ्यावर उपडी होती, मोकळी बुडं वर, सगळी तिच्याकडे तोंड करून. त्यांना तसं कुणी ठेवलं होतं? काल चान्थीनंच ठेवली असतील. वाळू नयेत म्हणून. नाही, वाळावीत म्हणून. तिनंच असतील.

५

दुसऱ्या दिवशी चान्थी सकाळीच भिक्खूंना जेवण घेऊन विहारात गेली, ती दुपारपर्यंत परतली नव्हती. गाव आडवं झालं होतं. कुत्रीसुद्धा खांबांच्या सावलीला पडून होती.

किमसान न्हेमच्या घराखाली आली. या वेळी तिनं न्हेमचं थापटणं आणलं होतं. तिच्याच थापटण्यानं मिटवलं तर बूड राहील, असं काहीसं तिच्या डोक्यात होतं. आणि राहिलं की चान्थीला म्हणता येईल, हे बघ, होतं की एक मिटलेलं, तुझ्या नजरेतून सुटलं. एक पुरे होतं. एका मडक्यावर त्या पोरीचं उरलेलं आयुष्य शांत गेलं असतं. किमसान हे चान्थीसाठीच करत होती. तिनं हे स्वतःला दोनदा सांगितलं.

मडकं मांडीवर घेतलं. डावा हात गळ्यातून आत घातला, मुठीत गोटा. पाणी शिंपडलं. मारायला सुरुवात केली.

थप. थप. थप.

माती अजून ओली होती. इतक्या दिवसांनी असायला नको होती. पण बूड मिटत चाललं होतं, कडा एकमेकींकडे सरकत होत्या, आणि हाताला जुनी लय सापडली तसं किमसानला बरं वाटलं. भोक अंगठ्याएवढं झालं, मग मिटलं. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. तिनं डावा हात बाहेर काढला, गोटा मांडीशी ठेवला, पंच्यानं डोळा पुसला. उजवा हात सवयीनं चालूच होता.

तिसऱ्या फटक्याला तिच्या लक्षात आलं.

आतून आधार नसला तर माती खचते. एका फटक्यात खचते. पण बूड जागच्या जागी होतं, आणि थापटण्याखाली दगड असल्यासारखा घट्ट आवाज येत होता. गोटा तिच्या मांडीशी पडलेला होता. ती त्याच्याकडे बघत होती.

आणि तिचा हात सरळ चालत नव्हता. दोन जड, एक हलका. तिनं थांबवायचा प्रयत्न केला. दोन जड, एक हलका.

वाकून तिनं गळ्यातून आत बघितलं. आत अंधार होता, ओल्या मातीचा वास होता. आणि बुडाला टेकलेली चार बोटं होती. पोरांच्या खेळातल्यासारखी एका ओळीत, करडी, नखांत माती. ती हलत नव्हती. पुढच्या फटक्याची वाट बघत होती.

"मिंग?"

चान्थी अंगणाच्या कडेला उभी होती. हातात जेवणाचे रिकामे डबे. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"मला वाटेतच ऐकू आलं," ती म्हणाली. "मला वाटलं, आई."

किमसानचा हात थांबेना.

"मिंग, ते आईचं थापटणं आहे. कुठं मिळालं तुला?"

"वर."

"वर कशाला असेल ते?"

अजूनही सांगता आलं असतं काहीतरी. किमसानच्या तोंडात दहा गोष्टी तयार होत्या. आयुष्यभर तिच्या तोंडात गोष्टी तयारच असायच्या. ती मडक्याच्या गळ्याकडे बघत होती, वर बघत नव्हती.

"ती मातीवर थापटत नव्हती, चान्थी. वर पडली होती. उठता येत नव्हतं. फळीवर मारत होती, कुणीतरी यावं म्हणून. मी ऐकलं."

"तुला वाटलं की मडकी—"

"तुला तसं सांगितलं. स्वतःलाही तसंच सांगितलं. आवाज कोरडा होता. लाकडाचा. या गावात मला नाही कळणार, तर कुणाला? मला पहिल्याच दुपारी कळलं होतं. म्हटलं, हाक मार म्हणावं आधी. माझ्या नावानं हाक मार, मग येते."

डबे चान्थीच्या हातून पडले नाहीत. तिनं ते नीट खाली ठेवले.

"किती दुपारी?"

"चार."

"आणि चौथ्या दुपारी?"

"हळू झाला होता."

मांडीवर काहीतरी सैल झालं. किमसानचा उजवा हात आपसूक खाली आला, आणि मडक्याचं बूड हळूच आत बसलं. आतला हात कुणी काढून घ्यावा, तसं. गळ्यातून बघायची तिची हिंमत झाली नाही. बघायला काही उरलंही नव्हतं. मांडीवर नुसता ओल्या मातीचा गोळा होता.

चान्थी जवळ आली. किमसानला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"किमसान," चान्थी म्हणाली. मिंग म्हणाली नाही. "ते थापटणं इकडे दे."

किमसाननं दिलं. चान्थी ते घेऊन जिना चढून वर गेली आणि वरच्या फळ्यांवर तिच्या पावलांचा आवाज चालत चालत एका जागी थांबला. मग गुडघे टेकल्याचा. मग काहीच नाही.

पंपावर अजून सांगतात, की न्हेम मेल्यावरही थापटत होती आणि ती एकटी नव्हती. किमसान घागर भरते, ऐकते, आणि दुरुस्त करत नाही. दोघी होत्या, एवढं खरं आहे. पण थापटणारी जिवंत होती. न्हेम नुसती आतून धरून बसली होती.